कोयना खोऱ्यात पासबुक छापायचं तर

मी कराडमधल्या एका पतसंस्थेचं संगणकाचं काम बघतो. मुख्य कार्यालय कराडला आणि शाखा पाटण तालुक्यात विखुरलेल्या: काही हमरस्त्याला, काही कोयनानगरच्या बाजूला, एक ढेबेवाडी खोऱ्यात. शाखेत शाखाधिकारी, कॅशियर, एखादा लिपिक, एवढीच माणसं. फायबर पोचलंय तिथे फायबर, आणि रस्त्याच्या कामात जेसीबीनं ते तोडलं की मोबाइलचं फोर-जी. पावसाळ्यात दोन्हींचा भरवसा धरता येत नाही. अशा लाइनवर मुख्य कार्यालयातलं सॉफ्टवेअर शाखेच्या काउंटरवर चालवायचं, हे माझं रोजचं काम. हेच करणारे जिल्ह्याजिल्ह्यांत पुष्कळ आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'शाखा स्लो चालतेय' अशी तक्रार आली की बहुतेक ठिकाणी पहिला उपाय निघतो तो प्लॅन वाढवण्याचा. २० एमबीपीएसचे ५० करा, ५० चे १०० करा. बिल वाढतं, तक्रार तशीच राहते. कारण अडचण बहुतेक वेळा वेगाची नसतेच, ती पिंगची असते. म्हणजे शाखेतून निघालेलं डेटाचं पाकीट कराडच्या सर्व्हरला भेटून परत यायला लागणारा वेळ. कोयनानगर ते कराड हे अंतर फायबरमधल्या प्रकाशाला एक मिलिसेकंदही लागू नये इतकं कमी. तरीही पिंग ७०-८० मिलिसेकंद दिसतो, कारण पाकीट टॉवरवर आपली पाळी येईपर्यंत थांबतं, मग कंपनीच्या जाळ्यातून मुंबईपर्यंत जातं आणि तिथून कराडकडे वळतं.

आता जुन्या पद्धतीचं सॉफ्टवेअर घ्या, ज्याचा डेटा फायलींत असतो आणि ज्याला नुसतं एक शेअर केलेलं फोल्डर लागतं. एक खतावणी उघडायची तर ते सर्व्हरला एकामागून एक हजारो छोटे प्रश्न विचारतं: इंडेक्सचा हा तुकडा दे, आता पुढचा दे, आता या नोंदीला कुलूप लाव. समजा असे ३,००० प्रश्न आहेत. ऑफिसच्या आतल्या जाळ्यात एका फेरीला एक मिलिसेकंद धरला तर काम तीन सेकंदांत संपतं. ८० मिलिसेकंदांच्या लाइनवर त्याच कामाला २४० सेकंद, म्हणजे चार मिनिटं लागतात. एका दाखल्यासाठी तालुक्याला पुन्हा पुन्हा खेटे घालावे लागत असतील तर रस्ता चौपदरी करून खेटे कमी होत नाहीत, तसंच हे. शिवाय मध्येच लाइन तुटली तर अर्धवट लिहिलेली इंडेक्स फाइल बिघडते ते वेगळंच. म्हणून व्हीपीएन (इंटरनेटवरून दोन ऑफिसांमधली खाजगी जोडणी) जोडून शाखेतून थेट डेटाचं फोल्डर उघडायची पद्धत मला अजिबात मान्य नाही.

त्याऐवजी मी रिमोट डेस्कटॉप वापरतो: डेटा हलवायचा नाही, पडदा हलवायचा. सॉफ्टवेअर कराडच्या सर्व्हरवरच चालतं, डेटाच्या शेजारी. शाखेत येतं ते फक्त चित्र, आणि शाखेतून जातात त्या फक्त कळा आणि माऊस. यात नवं काही नाही. मायक्रोसॉफ्टनं विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती काढली १९९८ मध्ये, ५६ केबीपीएसच्या मोडेमच्या काळात. त्या वेळच्या सोयी आजही रिमोट डेस्कटॉपच्या 'एक्स्पीरिअन्स' टॅबमध्ये बसलेल्या आहेत आणि आजही उपयोगी पडतात. वॉलपेपर बंद, मेन्यूचं ॲनिमेशन बंद, खिडकी ओढताना आतला मजकूर दाखवणं बंद, रंग १६ बिट, आणि बिटमॅप कॅशिंग, म्हणजे एकदा आलेली चित्रं शाखेतच साठवून ठेवणं, मात्र चालू. अक्षरं गुळगुळीत करण्याची सोय बंद केली की लाइन आणखी हलकी होते, पण मराठी जोडाक्षरं आणि रफार वाचायला त्रास होतो. ती मी चालू ठेवतो. दिवसभर नावं वाचणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे थोडे केबी वाचवण्यात अर्थ नाही.

पूर्ण डेस्कटॉप देण्याऐवजी रिमोटॲप द्यावं, ही माझी आग्रहाची सूचना. विंडोज सर्व्हर २००८ पासून ही सोय आहे. शाखेत फक्त सॉफ्टवेअरची खिडकी दिसते. दोन स्टार्ट बटणं, दोन 'माय डॉक्युमेंट्स' असला घोळ राहत नाही.

या पद्धतीचा खरा फायदा लाइन गेल्यावर कळतो. वीज जाते, टॉवर जातो, व्हाउचर अर्धं भरलेलं असतं. सर्व्हरवरचं सेशन, म्हणजे त्या माणसाचं उघडलेलं काम, तसंच जिवंत राहतं. लाइन आल्यावर काउंटरवरच्या मॅडम पुन्हा लॉगिन करतात आणि तेच व्हाउचर, कर्सर त्याच रकान्यात, समोर उभं राहतं. फक्त सेटिंग नीट हवं: एका माणसाला एकच सेशन, आणि तुटलेलं सेशन लगेच मारायचं नाही. मी दोन तासांची मुदत देतो.

जोडणी शाखेकडून कराडकडे करायची, उलट नाही. मोबाइल कंपन्या एकाच सार्वजनिक आयपीमागे (इंटरनेटवरच्या पत्त्यामागे) अनेक ग्राहक बसवतात, त्यामुळे बाहेरून शाखेपर्यंत पोचताच येत नाही. या जोडणीसाठी आम्ही वायरगार्ड हे व्हीपीएन वापरतो. फायबरवरून फोर-जीवर गेलं, आयपी बदलला, तरी व्हीपीएनचा बोगदा आपोआप सावरतो. ३३८९ हे रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट इंटरनेटवर उघडं ठेवू नये, कुणी कितीही घाई केली तरी. २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमधली ब्लूकीप नावाची भेद्यता उघड झाली तेव्हा पासवर्ड माहीत नसतानाही जुन्या विंडोजच्या सर्व्हरमध्ये शिरता येत होतं. सभासदांच्या ठेवींचा हिशेब त्या यंत्रावर आहे.

एवढं सगळं करूनही दुपारी बारा-एकच्या सुमाराला एका शाखेचा पिंग ७० वरून ९०० वर जायचा. कॅशियर 'र' दाबणार आणि अक्षर पडद्यावर उमटायची वाट बघणार. शोधलं तेव्हा कळलं की त्याच वेळेला कर्जाच्या कागदपत्रांचे स्कॅन मुख्य कार्यालयाला पाठवले जातात. अपलोडची वाट अरुंद. कंपनीचं यंत्र पाकिटांची लांबच लांब रांग लावून ठेवतं आणि कॅशियरचं इवलंसं पाकीट स्कॅनच्या पाकिटांमागे उभं राहतं. यावर उपाय आहे, आणि स्वस्त आहे. आपल्या राउटरमध्ये एफक्यू-कोडेल किंवा केक (रांगेची शिस्त लावणाऱ्या सोयी) लावायचं आणि अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगापेक्षा दहा-पंधरा टक्के कमी ठेवायची. म्हणजे रांग कंपनीच्या यंत्रात न लागता आपल्या राउटरमध्ये लागते, आणि तिथे छोट्या पाकिटांना पुढे सोडता येतं. फोर-जीचा वेग तासातासाला बदलतो, त्यामुळे तिथे मर्यादा बरीच खाली आणावी लागली. स्कॅन आता काउंटर बंद झाल्यावर जातात.

सगळ्यात जास्त वेळ मात्र पासबुकानं घेतला. काउंटरवर आजी उभ्या आहेत, पासबुक हातात, परतीची एसटी गाठायची आहे. मॅडमनी प्रिंट दिली. रिमोट डेस्कटॉपची नेहमीची छपाई आधी सर्व्हरवर त्या पानाची एक्सपीएस (पीडीएफसारखी) फाइल करते, मग ती लाइनवरून शाखेत पाठवते. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी मजकुराचं आधी चित्र होतं, म्हणून पाच ओळींसाठीही फाइल फुगायची. प्रिंटर गप्प, मॅडम गप्प. मग घरघर करत डोकं अर्ध्या ओळीवर थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं, आणि कधी नोंद पासबुकाच्या मधल्या शिवणीवर पडायची. शिवणीवर छापलेली शिल्लक वाचता येत नाही, आणि वाचता न येणाऱ्या शिल्लकेवर कुणी विश्वास ठेवत नाही.

नुसता रोमन अक्षरांचा मजकूर पाठवला असता तर प्रश्न लगेच सुटला असता, कारण डॉट मॅट्रिक्सला ती अक्षरं स्वतःलाच येतात. पण 'व्याज जमा' आणि 'रोख नावे' हे आजींना वाचता आलं पाहिजे. म्हणून छपाई रिमोट डेस्कटॉपमधून बाहेर काढली. सर्व्हर फक्त युनिकोड मजकुराची छोटी फाइल तयार करतो: तारीख, तपशील, रक्कम, शिल्लक, आणि पुढची नोंद कितव्या ओळीवर. देवनागरी अक्षराला तीन बाइट धरले तरी पानभर नोंदी दोन-तीन केबींत बसतात. शाखेच्या संगणकावर एक लहानसा प्रोग्रॅम ती फाइल उचलतो आणि अक्षरं तिथेच घडवून छापतो. शिवणीपाशी किती ओळी सोडायच्या ते पासबुकाच्या छपाईनुसार शाखेतच ठरवता येतं. आता लाइन कितीही रडत असली तरी छापायला सुरुवात झाली की मध्ये थांबत नाही.

पैसे काढताना सही तपासायची असते, तिथेही असंच काहीसं होतं. सहीची फाइल सर्व्हरवरच उघडते, त्यामुळे तिच्या आकारानं फरक पडत नाही, पडद्यावर किती जागा रंगते त्यानं पडतो. सहीच्या पूर्ण कार्डाचा रंगीत स्कॅन उघडला की तो पट्ट्यापट्ट्यांनी उतरतो. फक्त सहीपुरता कापलेला काळा-पांढरा तुकडा लगेच दिसतो. जुनी कार्डं काढून, सह्या कापून, खातं क्रमांक ताडून पुन्हा चढवायचं काम सध्या सुरू आहे. पाटणच्या झाल्या. ढेबेवाडीची कार्डं निम्मी राहिली आहेत, आणि त्यातल्या अंगठा लावणाऱ्या सभासदांसाठी फोटो ठेवावा लागणार, तो किती लहान केला तरी चेहरा ओळखू येतो हे तिथल्या कॅशियरसोबत बसून ठरवायचं आहे.