आमची वाटचाल : आधी टॅपेट, मग कार्ब्युरेटर

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या आमच्या वर्कशॉपमध्ये कुणी मराठी माणूस आला की हमखास विचारतो, इंग्रजांच्या जुन्या गाड्यांच्या नादाला तुम्ही कसे लागलात? त्याचं मूळ कोल्हापुरात आहे. वडिलांच्या गॅरेजमध्ये अ‍ॅम्बॅसिडर यायच्या. त्यांचं १४८९ सीसीचं इंजिन बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीजचं, आणि एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं १७९८ सीसीचं इंजिनही त्याच घराण्यातलं. नोकरीसाठी इथे आलो, शेजाऱ्याच्या एमजीबीचं बॉनेट उघडलं आणि परमुलखात गाववाला भेटावा तसं झालं.

२०११ मध्ये घरामागच्या गॅरेजमध्ये काम सुरू केलं. पहिल्याच वर्षी एक एमजीबी आली, दोन एसयू कार्ब्युरेटरची (कार्ब्युरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग). आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असतानाचं इंजिनाचं चालणं, स्थिर राहत नव्हतं. जेट (पेट्रोल येण्याचं बारीक भोक), नीडल (त्यातली सुई), फ्लोटचा व्हॉल्व्ह, सगळं नवं टाकून गाडी दिली. पंधरा दिवसांत परत आली. अशी तीनदा आली. शेवटी थ्रॉटलचा स्पिंडल, म्हणजे हवेची झडप ज्यावर फिरते तो दांडा, बोटांनी हलवून पाहिला, तर झिजलेल्या भोकात खडखडत होता. इंजिन तिथून हवा ओढत होतं; जेट कितीही फिरवला तरी मिश्रण जागेवर येणार कसं? ग्राहकाचे पैसे परत केले, भोक नेमकं रुंद करायचा रीमर विकत घेतला आणि कार्ब्युरेटरच्या बॉडीत बुश (झिजलेल्या भोकात बसणारी नळकांडी) बसवायला शिकलो. आमचा धंदा खऱ्या अर्थाने तेव्हा सुरू झाला असं मी मानतो.

एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. स्किनर घराण्याचा धंदा बुटांचा, आणि त्यांच्या सुरुवातीच्या कार्ब्युरेटरमध्ये चामड्याचा भाता असे. पुढे त्याच्या जागी पिस्टन आला. इंजिन जितकी हवा मागेल तितका पिस्टन वर जातो. त्याला लावलेली निमुळती नीडल जेटमधून तेवढीच वर सरकते आणि तेवढंच पेट्रोल सोडते. आयडलपासून फुल थ्रॉटलपर्यंत एकच जेट! इतकी देखणी रचना मी दुसरी पाहिलेली नाही.

टॅपेट (इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट), प्लग, पॉइंट, ठिणगीचं टायमिंग ठीक झाल्याशिवाय आम्ही कार्ब्युरेटरला हात लावत नाही. ग्राहक कुरकुरतात, पण ‘कार्ब्युरेटर खराब’ म्हणून आलेल्या कितीतरी गाड्या तिथेच बऱ्या होतात. मग रबरी नळी कानाला लावून दोन्ही कार्ब्युरेटरचा हवा ओढण्याचा सूंऽऽ आवाज सारखा करायचा. नंतर पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचलायचा. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन बसायला लागलं तर कमी. किंचित वाढून पूर्ववत झाला तर बरोबर. त्यानुसार जेटचा षटकोनी नट एका वेळी एकाच बाजूएवढा, म्हणजे एक षष्ठांश फेरा, फिरवायचा.

सप्टेंबर २०२१ मध्ये इथे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं ई१० पेट्रोल आलं आणि जुन्या रबरी नळ्या, सीलं खराब होऊन येणाऱ्या गाड्या वाढल्या. आता आम्ही तिघं आहोत.

सध्या बाकावर जॅग्वार ई-टाइपचे तीन कार्ब्युरेटर उघडून ठेवलेत. मधल्याचा पिस्टन खाली येताना अडकतो. तो सोडल्यावर स्वच्छ ‘टक्’ वाजेपर्यंत जेट मध्यावर आणायचा, हे उद्याचं पहिलं काम.