लाईन डीम आहे जी

"मीनाकारी शिकायला जयपूर सोडून पवनीकडे कुठे चाललीस?" हे घरी विचारून झालं, ऑफिसात विचारून झालं, शेवटी भिवापूरला शेजारच्या सीटवर बसलेल्या मावशींनीही विचारलं. प्रश्नात तथ्य होतं. मीनाकारी, म्हणजे धातूवर रंगीत काच भाजून चढवणं, म्हटलं की आमेरचा राजा मानसिंग आणि त्याने लाहोरहून आणवलेले कारागीर ही कथा ठरलेली, आणि त्या परंपरेचा मान सोन्याला. बनारसची गुलाबी मीनाकारीसुद्धा सोन्याचांदीवरचीच. मला सोनं परवडत नाही, आणि नखाएवढ्या कुड्यांत जीवही रमत नाही. मला हवा होता तांब्याचा तळहाताएवढा पत्रा. बिघडला तर घासून पुन्हा घेता येईल असा. त्यावरचं काम शिकवणाऱ्या ताई राहतात भंडारा जिल्ह्यात, पवनीहून आत गेल्यावर लागणाऱ्या एका गावात. म्हणून पवनी.

नागपूर-उमरेड-भिवापूर-पवनी हा रस्ता फेब्रुवारीत नाकातोंडाला रुमाल बांधून करायचा असतो. भिवापूरच्या आसपास मिरचीचे सातरे चालू असतात. लाल ढिगांसमोर बायका रांगेने बसून देठ खुडत असतात आणि वारा फिरला की अख्खी बस एका सुरात खोकते. कंडक्टर तेवढा खोकत नव्हता.

ताईंचं सासर कासारांचं. भंडारा एकेकाळी पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेलं, मग स्टील आलं, प्लास्टिक आलं, आणि घराघरातल्या ठोकणीचा आवाज बंद झाला. ताई स्वतः मुंबईत कला शिकल्या आणि लग्न होऊन इथे आल्या. सासऱ्यांच्या बंद पडलेल्या पडवीत त्यांनी विजेची भट्टी लावली. सासऱ्यांना त्या मामाजी म्हणतात, म्हणून मीही मामाजीच म्हणायला लागले. मामाजींची नजर अधू झाली आहे, पण तांब्याला बोट लावून ते पत्रा किती जाड आहे ते सांगतात. मीन्याबद्दल त्यांचं मत चांगलं नाही. "कल्हई करा जी. नवसागर टाका, कापसानं कथील फिरवा, भांडं चांदीसारखं. हे काचेचं कोन खाईल?"

कोणी खाणार नाही, हे खरंच आहे. मीना म्हणजे काच. वाळू, टाकणखार आणि रंगासाठी धातूंची भस्मं, निळ्यासाठी कोबाल्ट, हिरव्यासाठी तांबंच, असं सगळं वितळवून थंड करायचं आणि पुन्हा कुटून पीठ करायचं. ते पीठ तांब्यावर पसरून भट्टीत घातलं की साधारण ७५० ते ८५० अंशांत काच वितळून धातूला धरते. तांबं वितळतं १०८५ ला. कथील वितळतं २३२ ला. म्हणूनच कल्हई शेगडीवर होते आणि मीन्याला भट्टी लागते, आणि म्हणूनच कल्हई केलेल्या भांड्यावर मीना चढवता येत नाही. शेजारच्या काकू दोनदा तांब्या घेऊन आल्या, "आतून निया (निळा) करून द्या ना" म्हणून. ताईंनी दोन्ही वेळा चहा पाजून परत पाठवलं. आत कल्हई होती, आणि पाणी प्यायच्या भांड्यात रंग घालायला त्या तशाही तयार नसतात. जुन्या रंगांत शिसं असायचं, कुठल्या डब्यात काय आहे याची खात्री कोण देणार?

शहरात 'तीन तासांत एनॅमलिंग' असे वर्ग निघाले आहेत. मी केलेत. तिथे स्वच्छ घासलेली, भोक पाडलेली चकती हातात देतात, तुम्ही वरून रंग भुरभुरवता, कोणीतरी भाजून आणतं, तुम्ही फोटो काढता. त्यात शिकण्यासारखं काही नसतं, कारण शिकण्यासारखं जे असतं ते तुम्ही यायच्या आधी उरकलेलं असतं.

इथे सुरुवातीला रंगाचा डबा बघायलाही मिळाला नाही. पत्रा कापायचा, लाकडी हातोडीने किंचित घुमट आणायचा, तापवून मऊ करायचा, काळा पडला की लिंबूसताच्या गरम पाण्यात टाकायचा, मग चिंच-मिठाने घासायचा. चिंच ही मामाजींची भर. मग नळाखाली धरायचा. पाणी सगळीकडे सलग पातळ पसरलं तर पत्रा स्वच्छ. कुठे पाणी फाटून थेंब झाले तर तिथे बोटाचं तेल आहे. तेलावर काच धरत नाही, आज धरली तरी उद्या टवका उडतो. मला आरशासारखा वाटलेला पत्रा मामाजींनी उन्हाकडे धरला आणि म्हणाले, "मयला हाये." त्यांना दिसत नाही म्हणतात! तो पत्रा मी पुन्हा घासला. तोही मयलाच निघाला.

दुसरी शिस्त मागच्या बाजूची. थंड होताना तांबं काचेपेक्षा जास्त आकसतं. एकाच बाजूला काच असेल तर पत्रा वाकतो आणि काचेला तडे जातात. म्हणून जी बाजू कोणी कधी बघणार नाही तिलाही मीना द्यायचा, आधी तिलाच. ताई मागच्या बाजूला उरलेसुरले, एकमेकांत मिसळलेले रंग वापरतात. मला काही पत्र्यांची पाठ पोटापेक्षा जास्त आवडली. बोलले नाही.

आता पाहुणचाराबद्दल. झाडीपट्टीतला, म्हणजे या पूर्व विदर्भातला, पाहुणचार हा काम करू न देण्याचा सर्वात प्रेमळ मार्ग आहे. चिन्नोरचा भात, वरण, वांग्याची भाजी, लाखोरीच्या डाळीचे वडे, आणि "घ्या ना जी, काहीच नाही खाल्लं" हे दर घासाला. जेवणाबद्दल माझी तक्रार नाही, पण डिंकाचं पाणी फवारून चाळणीने रंग भुरभुरवत असताना श्वाससुद्धा जपून घ्यावा लागतो, तेव्हा दारातून पाच जण डोकावतात आणि त्यातला एक पंखा लावतो. पाहुणीला गरम होतंय म्हणून. सगळा निळा रंग भिंतीवर.

आणि लाईट. त्या दिवसांत उन्हाळी धानाची रोवणी चालू होती. शेतीच्या पंपांना थ्री फेज दिवसा मिळत होती, त्यामुळे दिवसभर एकूणएक मोटारी सुरू आणि गावातला व्होल्टेज झोपलेला. ताईंनी भट्टीशेजारी एक मीटर टांगला आहे. २३० च्या जागी १८०. ऐकायला फरक थोडा वाटतो, पण भट्टीची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबाने घटते. १८० ला भट्टी तिच्या ताकदीच्या जेमतेम ६० टक्क्यांवर चालते. तापमानाचा काटा रांगत रांगत ६८० पर्यंत यायचा आणि तिथेच बसायचा. ६८० ला काचेचं पीठ नुसतं एकमेकांना चिकटतं, साखरेसारखं खरबरीत राहतं. पुढे संत्र्याच्या सालीसारखं व्हायला आणि त्याही पुढे काचेसारखं सपाट व्हायला वरचे शंभर-सव्वाशे अंश लागतात, आणि ते शंभर अंश शेतकऱ्यांच्या मोटारींत अडकलेले. रागावणार कोणावर? धान तर मीच दोन वेळा खात होते. तरी मी रागावले. स्टॅबिलायझर का नाही, असं विचारलं. आहे, म्हणाल्या, तो जळाला.

"लाईन डीम आहे जी" हे वाक्य तिथे हवामानासारखं बोललं जातं. कोणी तक्रार म्हणून बोलत नाही.

म्हणून भट्टीची वेळ रात्री दहानंतर. मोटारी बंद, घरातले दिवे मालवलेले, मीटर २२५. दिवसा पत्रे घासायचे, रंग धुवायचे (पारदर्शक रंगाचं पीठ पाण्यात ढवळलं की वर दुधासारखा गढूळपणा येतो, तो ओतत राहायचं, पाणी नितळ होईपर्यंत), आणि रात्री भाजायचं. नेमकं त्यातल्याच एका रात्री गावात नाटक. शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, झाला होता आणि त्याला जोडून नाटक, झाडीपट्टीत हिवाळ्यात असतं तसं. रात्रभराचं. अख्खं गाव चादरी घेऊन मंडपात. मलाही जायचं होतं, फार जायचं होतं. नागपूरला राहून आजवर झाडीपट्टीचं नाटक बघितलेलं नाही. पण गाव मंडपात म्हणजे घरोघरी लाईट बंद, मीटर थेट २३२. ताई म्हणाल्या, "अशी लाईन महिन्यातून एकदा मिळते." नाटक गेलं.

८१० ला भट्टी आली तेव्हा लाऊडस्पीकरवर नायिका कोणाला तरी जाब विचारत होती. जाळीवर माझा पत्रा, पाठ आधीच भाजलेली, पोटावर लाल. लांब चिमट्याने आत ठेवायचा, दार लावायचं, आणि घड्याळाकडे बघायचं नाही. ताईंचा हा नियम आहे. भट्टी दर वेळी वेगळी, पत्र्याची जाडी वेगळी, व्होल्टेज तर विचारूच नका. दोन मिनिटं लागतील की तीन, ते घड्याळ सांगू शकत नाही. दाराच्या फटीतून बघायचं. आधी पृष्ठभाग काळपट आणि मऊमऊ दिसतो, मग खडबडीत होतो, मग त्यावर उंचवटे उरतात, आणि मग एका क्षणी भट्टीच्या तारांचं लाल प्रतिबिंब पत्र्यावर सलग दिसतं. तेच बघायचं. ते दिसलं की बाहेर. आणखी पाव मिनिट ठेवला तर कडांवरची काच पातळ होते, खालच्या तांब्याचं भस्म काचेत उतरतं आणि कड हिरवी-काळी पडते.

मी बाहेर काढला तो काळाठिक्कर. डांबराचा गोळा सपाट केला असता तर असाच दिसला असता. मी ताईंकडे बघितलं, त्या शांतपणे तंबाखू नव्हे, बडीशेप चघळत होत्या. "ठेवा खाली. फुंकू नका."

मिनिटभरात काळ्यातून तपकिरी आला, कडांकडून सुरू होऊन मध्याकडे. मग विटकरी. मग कोणीतरी आतून दिवा लावावा तसा लाल वर आला, भिवापूरच्या ढिगांतला लाल, आणि तो थांबेना, आणखी आणखी लाल होत गेला. तापलेल्या लाल मीन्याचा हा स्वभाव आहे, हे मी वाचलेलं होतं. वाचलेल्याचा त्या मिनिटात काडीचा उपयोग झाला नाही. मला रडू आलं, खरं सांगते, आणि तिकडे नाटकातही कोणीतरी रडत होतं म्हणून माझं झाकलं गेलं.

त्याच रात्री चांदीच्या तारांचा पत्रा मात्र ताईंनी मला भाजू दिला नाही. चांदी वितळते ९६२ ला, तांबं १०८५ ला, म्हणजे ८०० ला दोघंही सुरक्षित असं कोणीही म्हणेल. पण दोघं एकमेकांना भिडले की त्यांचा संकर ७८० च्या आसपासच पाणी होतो. नक्षीची तार नुसत्या तांब्याला टेकली तर भट्टीत नाहीशीच होते. म्हणून आधी तांब्यावर बिनरंगी काचेचा थर भाजायचा आणि तारा त्यात बसवायच्या. हे मला दिवसा सांगितलं असतं तर मी वहीत लिहून विसरले असते. पहाटे तीनला, एका वितळून गेलेल्या तारेचा जुना पत्रा हातात देऊन सांगितलं. पत्र्यावर पानाच्या नक्षीतलं अर्धं पान शिल्लक होतं आणि उरलेल्या अर्ध्याच्या जागी करडा ओघळ. तो ताईंनी फेकलेला नाही, शिकायला येणाऱ्यांसाठी ठेवलाय.

बाकीचे दिवस एका ओळीत: एका दुपारी पवनीचा किल्ल्याचा दरवाजा आणि जगन्नाथ टेकडीवरचा स्तूप बघितला, ऊन फार होतं, डास नागपूरपेक्षा जास्त, अंगणातली अंघोळ पहाटे चारला म्हणजे शिक्षा.

निघताना मामाजींनी लाल पत्रा मागितला. बराच वेळ अंगठ्याने चाचपत राहिले. कड, पाठ, पुन्हा कड. "गुयगुयीत हाये," म्हणाले, आणि मग, "पन भांडं नाही ना हे. याचं करायचं का?" मी म्हटलं, भिंतीवर लावीन. त्यांना ते मुळीच पटलं नाही. ताईंना पटतं असंही नाही. त्यांचे पत्रे नागपूरच्या प्रदर्शनात लोक हातात घेतात, किंमत ऐकून खाली ठेवतात आणि बाजूच्या टेबलावरून प्लास्टिकवर छापलेले कानातले घेतात. एका पत्र्यामागे चार-पाच वेळा भाजणं असतं, हे त्यांना कोण सांगत बसणार.

मी पुन्हा जाणार आहे, तारांचं काम शिकायचं राहिलंय. ताईंना फोन करून म्हटलं की आता पावसाळ्यात येते, धानाला पाणी वरून मिळेल, मोटारी बंद, दिवसाही व्होल्टेज पूर्ण. त्या हसल्या. पावसाळ्यात डीमची भानगडच नसते म्हणे, लाईन सरळ जातेच.