पश्चिमेच्या खोलीसाठी काच निवडताना

नागपुरात वरच्या मजल्यावर, पश्चिमेला तोंड करून असलेल्या खोलीची एप्रिल-मे महिन्यांत काय अवस्था होते, हे विदर्भातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. आमच्या घरातली अशी खोली आई वापरते. तिथे तिचे शिवणयंत्र आहे, पुस्तके आहेत, आणि दुपारनंतरचा तिचा बहुतेक वेळ तिथेच जातो. गच्चीवर पांढऱ्या तुकड्यांचे चायना मोझेक करून घेतल्यावर छतातून येणारी उष्णता बरीच कमी झाली होती. उरलेली उष्णता खिडक्यांतून येते आहे, हे काचेजवळ उभे राहिले तरी कळत असे. पुढे खिडक्यांच्या जुन्या लोखंडी चौकटी गंजून बदलायला आल्या, तेव्हा चौकटींबरोबर काचही पूर्ण विचार करून निवडायची असे मी ठरवले. उष्णता कमी व्हावी, पण उजेड जाऊ नये, एवढीच माझी अट होती, कारण सुईत दोरा ओवण्यासाठी आईला भर दुपारी दिवा लावावा लागणार असेल, तर अशा काचेचा तिला काय उपयोग?

सुरुवात अर्थातच काचेच्या दुकानापासून झाली. दुकानदारांनी ब्राँझ, ग्रीन आणि रिफ्लेक्टिव्ह असे तुकडे समोर ठेवले आणि म्हणाले, “ताई, डार्क घेऊन टाका. जितकी डार्क, तितकी खोली थंड.” हा समज इतका सर्वत्र पसरलेला आहे, की त्यातली अडचण सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेपैकी डोळ्यांना दिसणारा प्रकाश निम्म्याहून कमी असतो. उरलेल्या ऊर्जेचा फार मोठा हिस्सा अवरक्त किरणांचा असतो, जो दिसत नाही पण तापवतो. गडद रंगाची काच प्रामुख्याने दिसणारा उजेड अडवते, आणि जी ऊर्जा ती शोषून घेते, त्या ऊर्जेने ती स्वतः तापत जाते. मग संध्याकाळपर्यंत ती चुलीवरच्या तव्यासारखी खोलीकडे उष्णता टाकत राहते. म्हणजे खोलीत अंधार येतो, पण थंडावा त्या प्रमाणात येत नाही. हिरवी काच याबाबत ब्राँझपेक्षा थोडी बरी असते, कारण ती अवरक्त किरण जास्त शोषते आणि उजेड जास्त सोडते. तापण्याची अडचण मात्र तिलाही चुकत नाही. रिफ्लेक्टिव्ह काच उष्णता बऱ्यापैकी परतवते, परंतु उजेडही तितकाच घालवते, आणि दिवसा बाहेरून आतले दिसत नसले तरी रात्री घरात दिवा लागला की नेमके उलट होते.

रंग बाजूला ठेवून आकडे पाहायला लागल्यावर माझा गोंधळ कमी झाला. काचेचे तीन आकडे महत्त्वाचे असतात. पहिला एसएचजीसी, म्हणजे काचेवर पडलेल्या सूर्याच्या उष्णतेपैकी एकूण किती हिस्सा आत येतो. तो शून्य ते एक यांच्या दरम्यान असतो आणि आपल्या हवेत जितका कमी तितका चांगला. दुसरा व्हीएलटी, म्हणजे किती टक्के उजेड आत येतो. तिसरा यू-व्हॅल्यू, म्हणजे बाहेरची आणि आतली हवा यांच्या तापमानातल्या फरकामुळे काचेतून किती उष्णता वाहते. सहा मिलिमीटरच्या साध्या पारदर्शक काचेचा एसएचजीसी साधारण ०.८२, व्हीएलटी ८८ टक्क्यांच्या आसपास आणि यू-व्हॅल्यू सुमारे ५.७ असते, म्हणजे तापमानातल्या दर अंशाच्या फरकामागे दर चौरस मीटरला ५.७ वॅट.

यांतला कोणता आकडा आधी पाहायचा, हे मी कागदावर हिशेब मांडून ठरवले, आणि माझ्या मते संपूर्ण निवडीतला सर्वांत उपयोगी भाग हाच होता. आमच्या दोन खिडक्यांची काच मिळून साधारण ४ चौरस मीटर भरते. मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेच्या उभ्या काचेवर दर चौरस मीटरला ६०० वॅट ऊन पडते असे धरले, तर काचेवर एकूण २,४०० वॅट येतात. साध्या काचेतून त्यातले जवळजवळ २ हजार वॅट आत येणार, ०.२८ एसएचजीसीच्या काचेतून ६७० वॅट. आता यू-व्हॅल्यू पाहू. बाहेर ४५ अंश आणि आत २७ अंश असतील, तर साध्या काचेतून ४१० वॅट आत वाहतील आणि १.६ यू-व्हॅल्यूच्या दुहेरी (मध्ये पोकळी ठेवून जोडलेल्या) काचेतून ११५ वॅट. म्हणजे उन्हाच्या बाजूने १,३०० वॅटचा फरक पडतो आणि हवेच्या बाजूने ३०० वॅटचा. एक टनाचा एसी साधारण ३,५०० वॅट उष्णता बाहेर काढतो हे लक्षात घेतले, तर पहिल्या फरकाचे वजन सहज कळते.

माझा भाचा कॅनडात राहतो. त्याने फोनवर आग्रहाने सांगितले होते, की यू-व्हॅल्यू सर्वांत कमी असलेली लो-ई काच, म्हणजे उष्णता परतवणारा पातळ थर दिलेली काच बघ, बाकी काही पाहू नकोस. त्याच्या हवामानात तो सल्ला अगदी योग्य आहे, कारण तिथे घरातली ऊब बाहेर जाऊ द्यायची नसते आणि हिवाळ्यातले ऊन आत हवे असते. त्यासाठी बनवलेल्या लो-ई काचा सूर्याची उष्णता भरपूर आत घेतात आणि आत अडकवून ठेवतात. तीच काच नागपुरात पश्चिमेला बसवली तर काय होईल, हे सांगायला नको. उष्ण प्रदेशांसाठीच्या लो-ई काचेवर चांदीचे अतिशय पातळ थर असतात, जे उजेड बऱ्याच प्रमाणात सोडतात आणि अवरक्त किरण परतवतात. दोन्ही काचा बाजारात लो-ई म्हणूनच विकल्या जातात. म्हणून केवळ लो-ई एवढ्यावर कधीही व्यवहार ठरवू नये, एसएचजीसीचा आकडा लेखी मागावा.

उजेडाची खालची मर्यादा ठरवताना ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या २०१८ सालच्या इको निवास संहितेचा, म्हणजे घरांसाठीच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीचा, मला उपयोग झाला. ती नव्या निवासी इमारतींसाठी आहे, परंतु भिंतींच्या तुलनेत खिडक्यांचे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत असेल तर काचेतून किमान २७ टक्के उजेड आलाच पाहिजे, अशी तिची अपेक्षा आहे. शिवणाऱ्या माणसासाठी मला याहून बराच जास्त उजेड हवा होता, म्हणून मी ५० टक्क्यांच्या आसपासची काच शोधली.

घरातल्या सगळ्याच खिडक्यांना महाग काच लावण्याची मात्र गरज नव्हती. नागपूर कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला आहे. मे महिन्याच्या शेवटी, नवतपाच्या दिवसांत, भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर तेव्हा ऊन फारसे पडतच नाही आणि साधा छज्जा पुरतो. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला खाली उतरतो, तेव्हा त्याच खिडकीतून येणारे ऊन हवेहवेसे असते. म्हणून दक्षिणेला साधी पारदर्शक काच ठेवली. पश्चिमेचा सूर्य मात्र छज्ज्याच्या खालून सरळ आत येतो, त्याला वरची सावली अडवू शकत नाही. तिथे एक तर काच चांगली हवी, नाहीतर बाहेरून आडोसा हवा. आतला पडदा लावला तरी ऊन तोपर्यंत काचेच्या आत आलेले असते, म्हणून बाहेर टाकलेली बांबूची चिक किंवा हिरवी जाळी आतल्या पडद्यापेक्षा कितीतरी जास्त काम करते. ज्यांना काच बदलणे शक्य नाही त्यांनी आधी हेच करावे, असे मी मनापासून सांगेन.

आमच्याकडचा खरा पेच कूलरचा होता. कूलर बाहेरची कोरडी हवा वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून ओढून आत ढकलतो, आणि ती हवा बाहेर जायला दुसरी खिडकी उघडी लागते. खिडकी उघडी असेल तर दुहेरी काचेच्या यू-व्हॅल्यूला फारसा अर्थ राहत नाही. मृगाचा पाऊस आला आणि हवा दमट झाली की कूलर निरुपयोगी होतो, मग दारे-खिडक्या बंद करून एसी लावावा लागतो. दोन्ही ऋतू सांभाळायचे म्हणून पश्चिमेची एक खिडकी पूर्ण बंद, म्हणजे फिक्स ठेवली, दुसरीचे एक झडप उघडणारे केले, आणि वर्षानुवर्षे पश्चिमेच्या खिडकीत असलेला कूलर उत्तरेच्या खिडकीत हलवला. तिथे सावली असल्यामुळे त्याची टाकीही आता तापत नाही.

निवड पक्की करण्यापूर्वी मी नमुने मागवले आणि ते घरीच उन्हात तपासले. दुपारी चार वाजता पश्चिमेच्या गॅलरीत साधी काच, ब्राँझ काच आणि लो-ई थर असलेला दुहेरी काचेचा तुकडा असे तीन नमुने ओळीने उभे केले आणि त्यांच्या मागे एकेक करून तळहात धरला. साध्या काचेमागे हात लगेच भाजू लागला. ब्राँझमागे सुरुवातीला बरे वाटले, परंतु थोड्या वेळाने काच स्वतःच इतकी तापली की तिला हात लाववेना. तिसऱ्या तुकड्यामागे ऊन पडलेले दिसत होते, तळहाताच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या, आणि तरीही हात शांत होता. आईने तिथेच सुईत दोरा ओवून पाहिला आणि म्हणाली, “हीच घे.”

त्यानंतरचे काम कारागिरीचे होते. दुहेरी काच म्हणजे ६ मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये १२ मिलिमीटरची पोकळी, एकूण २४ मिलिमीटर जाडी. नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडकीत ती मावत नाही. वजनही चौरस मीटरला ३० किलो होते, म्हणून चौकट आणि बिजागऱ्या त्या हिशेबाने घ्याव्या लागतात. थर असलेली काच उन्हात तापते आणि तिच्या एका भागावर सावली असेल तर ताण येऊन ती तडकू शकते, म्हणून ती टफन करून, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत करून घेणे गरजेचे होते. टफन केलेली काच नंतर कापता येत नाही, त्यामुळे चौकटी बसवून झाल्यावरच मापे घ्यायला लावली, आणि कर्णांची मापेही घ्यायला लावली, कारण जुन्या भिंतीत काटकोन क्वचितच खरा असतो. दोन काचांमधल्या पट्टीत ओलावा शोषणारे दाणे असतात आणि कडा दोन थरांनी सीलबंद केलेल्या असतात. हे सील सुटले तर पावसाळ्यात आतून वाफ धरते आणि ती पुसता येत नाही. आत वाफ धरल्यास काच बदलून देण्याची हमी बिलावर लिहून घेतली, शेजारी एसएचजीसी, व्हीएलटी आणि यू-व्हॅल्यूही.

बसवण्याच्या दिवशी एक झडप उलटे बसवले गेले. थर बाहेरच्या काचेच्या आतल्या बाजूला हवा. तो आतल्या काचेवर आला तर शोषलेली उष्णता बाहेर न जाता खोलीकडे वळते आणि एसएचजीसी वाढतो. दिसायला दोन्ही बाजू सारख्याच असतात, परंतु तपासणे सोपे आहे. काचेजवळ पेटता लायटर धरला की ज्योतीची चार प्रतिबिंबे दिसतात, प्रत्येक पृष्ठभागाचे एक, आणि थर असलेल्या पृष्ठभागावरच्या ज्योतीचा रंग वेगळा असतो. आत उभे राहून पाहताना वेगळी ज्योत तिसरी दिसायला हवी; त्या झडपात ती दुसरी दिसत होती. कारागिराने स्वतः पाहून खात्री केली, काच धरून ठेवणारी पट्टी, म्हणजे बीडिंग, काढली आणि काच फिरवून बसवली. पैसे चुकते करण्यापूर्वी प्रत्येकाने ही तपासणी करून घ्यावी.

पहिला उन्हाळा आता पार पडला आहे. खोली मे महिन्यात थंडगार झाली असे मी म्हणणार नाही, कारण पश्चिमेची भिंत अजूनही तापते. पण काचेजवळची ती धग गेली, एसी लवकर शांत होऊ लागला आणि आईचे यंत्र पुन्हा खिडकीशी आले. पूर्वेकडच्या लहान खोलीसाठी इतका खर्च करणे मला पटत नाही. तिथे सकाळचे ऊन थोडा वेळच असते, म्हणून एकेरी वापरता येणारी, पक्क्या थराची सोलर कंट्रोल काच आणि बाहेरून चिक असे ठरवले आहे, आणि ते काम दिवाळीनंतर सुरू होईल.