लेझर का नाही केलंत?

"मॅडम, चष्म्याचा एवढा जाड नंबर, मग तो घालवायला लेझर का नाही करून घेतलंत?" स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, साताऱ्याच्या स्टँडवर, कुठेही हा प्रश्न मला गाठतो. बारावीच्या पालकसभेत तर त्याच्या मागोमाग दुसरा येतो, "आमच्या मुलीचं आता करून टाकावं का?" आजवर मी "नाही जमलं" म्हणून विषय बदलत आले. पण दर वेळी समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसतं की त्यानं आपलं आपण उत्तर शोधलंय: घाबरली असेल, पैसे नसतील, किंवा जुन्या वळणाची असेल. त्याचा आता फार कंटाळा आलाय. म्हणून एकदा सगळं सांगते.

जुन्या वळणाची तर मी नाहीच. फिजिक्स शिकवते, आणि एक्सायमर लेझरबद्दल वर्गात बोलताना मला मनापासून आनंद होतो. मद्रासला जन्मलेले रंगास्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी यांनी १९८१ साली अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या मांसावर हा लेझर मारून पाहिला. १९३ नॅनोमीटरच्या त्या अतिनील किरणांनी हवा तेवढाच थर निघाला, आजूबाजूला भाजल्याची खूणही राहिली नाही. पुढे दोन वर्षांत नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी तो डोळ्याच्या कॉर्नियावर, म्हणजे पुढच्या पारदर्शक आवरणावर, वापरता येईल हे मांडलं. माझ्या धाकट्या बहिणीनं पंचविशी ओलांडल्यावर लॅसिक, म्हणजे हीच लेझरची शस्त्रक्रिया, करून घेतलं. उणे चार नंबर होता, आजही ती रात्री चष्म्याशिवाय गाडी चालवते. तिच्यासोबत दवाखान्यात मीच गेले होते. तेव्हा मी विरोधात आहे असं कृपा करून कुणी समजू नये.

माझं २००१ साली होणार होतं. मी बावीस वर्षांची, एमएस्सीचं शेवटचं वर्ष, घरात स्थळं बघणं सुरू. एका ठिकाणाहून निरोप आला की मुलगी पसंत आहे, चष्म्याचं तेवढं बघा. आईनं काही न बोलता माझ्या नावची एफडी मोडली. आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट हवंच होतं. शाळेत असल्यापासून सकाळी उठल्यावर पहिला हात उशाशी चष्मा शोधायला जायचा. तो जाणार म्हणून मी आनंदात होते.

पुण्यातल्या पहिल्या डॉक्टरबाईंनी तपासायच्या आधी फोनवरच बजावलं होतं की कॉन्टॅक्ट लेन्स आठवडाभर घालायची नाही. लेन्समुळे कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो आणि मोजमाप चुकतं. गेल्यावर त्यांनी गोल रेषांच्या यंत्रासमोर बसवलं, कॉर्नियाचा रंगीत नकाशा काढला, थेंब घालून बाहुल्या मोठ्या करून डोळ्याचा मागचा पडदा (रेटिना) पाहिला. मग कागदावर वजाबाकी मांडली. कॉर्नियाची जाडी मधोमध ५०० मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर (साधारणपणे ती ५४०च्या आसपास असते). वरचा पापुद्रा उचलायला १५०. एका नंबरामागे लेझरनं १२ काढायचे धरले तर माझ्या उणे आठ नंबराचे ९६. खाली उरतात २५४, आणि निदान २५० उरायलाच हवेत.

"म्हणजे बसतंय की," बाबा म्हणाले.

"वजाबाकी बसतेय," त्या म्हणाल्या, "पण हिचा नंबर एका वर्षात पाऊणनं वाढलाय. आणि नकाशात कॉर्नियाचा खालचा भाग जरा जास्त उतरता दिसतोय." मग त्यांनी केराटोकोनसबद्दल सांगितलं. कॉर्निया पातळ होत शंकूसारखा पुढे येतो. तो बहुतेकदा किशोरवयात सुरू होतो आणि तिशी-पस्तिशीपर्यंत वाढू शकतो. अशा कॉर्नियावरून थर काढला तर तो आणखी कमकुवत होतो आणि नजर चष्म्यानंही नीट सुधारेनाशी होऊ शकते. "तुला हा आजार आहे असं मी म्हणत नाही. नाही असं म्हणायचीही माझी तयारी नाही. अजून थोडी वर्षं जाऊ दे."

मी तिथेच रडले. आजार असेल म्हणून नाही, थोडी वर्षं जाऊ दे म्हणाल्या म्हणून.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दुसऱ्या ठिकाणी गेलो. तिथे काचेचं काउंटर होतं आणि दोन्ही डोळ्यांची मिळून एक रक्कम लिहिलेला फलक. काउंटरवरचा मुलगा फार गोड बोलायचा. "ताई, परवा सकाळी स्लॉट आहे, संध्याकाळी तुम्ही घरी." आदल्या दिवशी नकार ऐकल्यावर मी मुद्दाम लेन्स घातली होती. जाड चष्म्यात कुणासमोर जायचंच नव्हतं. त्याच डोळ्यांची तिथे मोजणी झाली. लेन्स कधी काढलीत, हे कुणी विचारलं नाही. मी आपणहून सांगितलं, तर "चालतं" म्हणाला. कालचा नकाशा पुढे केला, तर त्यानं तो उघडलाही नाही.

संमतीपत्रावर खाली बारीक अक्षरात पुष्कळ काही होतं. आई म्हणाली, सही कर, किती विचार करशील. बाबा काहीच म्हणाले नाहीत. मी पेन हातात घेऊन बसले होते आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. प्रयोगशाळेत मोजायचं उपकरण मुळात शून्यावर आहे की नाही हे तपासलं नाही तर आम्हाला रीडिंग पुन्हा घ्यायला लावतात, आणि इथे माझ्या डोळ्याचं माप कुणाला पुन्हा घ्यावंसं वाटत नव्हतं. मी पेन खाली ठेवलं. परतीच्या एसटीत आई माझ्याशी बोलली नाही. ते स्थळ मोडलं. पुढच्या काही महिन्यांत घरात कुणाचाही आवाज चढला की शेवटी विषय माझ्या चष्म्यावर यायचा.

आता जे सांगते ते सहसा कुणाला सांगत नाही. पुढे दरवर्षी नकाशा काढत गेले आणि तो बदललाच नाही. केराटोकोनस झालाच नाही. नंबर पंचविशीनंतर उणे साडेआठला थांबला. म्हणजे त्या काउंटरवर सही केली असती तर कदाचित काहीही बिघडलं नसतं. आई हे पुष्कळ वर्षं म्हणत राहिली, आणि तिला खोटं ठरवायला माझ्याकडे काही नाही. बावीस वर्षांची मी मनात येऊन विचारते, "मग कशासाठी थांबलीस?" मी म्हणते, त्या दिवशी आपल्याला पुढचं दिसत नव्हतं. ती म्हणते, पण दिसलं ते चांगलंच होतं ना? यापुढे आमचं बोलणं सरकत नाही.

"बरं, मग नंतर तरी?" हा पुढचा प्रश्न. नंतर मूल झालं. गरोदरपणात आणि दूध पाजत असताना नंबर हलू शकतो, त्या काळात करतच नाहीत. बत्तिसाव्या वर्षी डॉक्टरबाईंनीच आयसीएलचं सुचवलं. कॉर्नियाला हात न लावता, बुबुळाच्या मागे आणि आपल्या नैसर्गिक भिंगाच्या पुढे एक पातळ लेन्स बसवायची. जाड नंबर आणि पातळ कॉर्निया असणाऱ्यांसाठी हा चांगला पर्याय आहे, लागलीच तर ती काढताही येते. साधारण एकवीस ते पंचेचाळीस हे त्याचं वय, आणि लेन्ससाठी डोळ्यात पुढच्या बाजूला पुरेशी खोली लागते. माझी होती. मी केलं नाही. शस्त्रक्रिया डोळ्याच्या आत होणार होती, दोन्ही डोळ्यांचा खर्च मोठा होता, मुलगा लहान होता. ही तिन्ही कारणं खरी आहेत आणि तरी तेवढ्यानं माझंच समाधान होत नाही. भीती होती का? होती. मग काय झालं? डोळा माझा आहे.

चाळिशीनंतर हिशेबच बदलतो, आणि हे कुणी नीट सांगत नाही. जवळचं पाहताना आतलं भिंग फुगायला हवं, ते कडक होत जातं. लेझरनं लांबचा नंबर शून्य केला तरी चाळिशीचा चष्मा यायचा तो येतोच. बहिणीला आला, तेव्हा ती चिडून म्हणाली, "मग मी केलं कशाला?" उणे दोन-तीनवाले चष्मा काढून आरामात पेपर वाचतात, ती सोय लेझरनंतर जाते. काहींना एक डोळा लांबचा, एक जवळचा ठेवून देतात. ते जमतं की नाही, हे आधी कॉन्टॅक्ट लेन्स घालून पाहता येतं. आणि जाड उणे नंबरात डोळ्याचा गोळाच लांबलेला असतो, तो लेझरनं आखूड होत नाही. जाड नंबरवाल्यांचा मागचा पडदा कडेला विरळ असू शकतो, तो सुटण्याचा धोका चष्मा गेल्यावरही तेवढाच राहतो. बहिणीला हे माहीत नव्हतं. आता दरवर्षी मी तिला पडदा तपासायला ओढून नेते.

पालकांनो, तुमच्या मुलीचं. अठरा पूर्ण हा खालचा उंबरठा झाला, तेवढं झालं की डोळा तयार झाला असं नाही. वर्षभर नंबर अर्ध्यापेक्षा जास्त हललेला नसावा. मागच्या तीन वर्षांच्या चष्म्यांचे कागद काढा, ते मुलीच्या जन्मदाखल्यापेक्षा जास्त सांगतील. लेन्स बंद करून मगच तपासणीला जा, नकाशाची प्रत मागून घ्या, ती डोळे चोळते का ते डॉक्टरांना सांगा. अजून लहान असेल तर नंबर वाढण्याचा वेग कमी करायला अगदी सौम्य अ‍ॅट्रोपिनचे थेंब आहेत, रात्री घालून झोपायच्या लेन्सही आहेत. दोन्ही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. आणि लग्न ठरतंय म्हणून कृपा करून तारीख घेऊ नका. हे मी हात जोडून सांगते.

माझं म्हणाल तर सत्तेचाळिसाव्या वर्षी डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे. जाड नंबरवाल्यांना तो लवकर येऊ शकतो. ऑपरेशन होईल तेव्हा आत बसणाऱ्या लेन्समध्येच नंबर काढता येईल. डॉक्टरबाईंनी विचारून ठेवलंय, शून्य ठेवायचा की वाचण्यासाठी उणे अडीच. शून्य ठेवला तर सकाळी उठल्यावर समोरचं घड्याळ दिसेल. उणे अडीच ठेवला तर उत्तरपत्रिका चष्म्याशिवाय तपासता येतील, लांबचं बघायला मात्र पातळ चष्मा राहील. बहीण शून्य म्हणते, मुलगा म्हणतो तुला हवं ते. आज माझा कल उणे अडीचकडे आहे, पण अजून कळवलेलं नाही.