सीएसआरचा पैसा मार्चमध्येच का धावतो?

सीएसआर म्हणजे कंपन्यांचं सामाजिक उत्तरदायित्व. त्याचा नियम कंपनी कायदा २०१३, कलम १३५ मध्ये आहे. आधीच्या वर्षी कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांतला एक आकडा गाठला तरी मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर घालावे लागतात.

मग मार्च येतो, आर्थिक वर्ष संपत आलेलं असतं. शाळेत पाणी शुद्ध करणारं आरओ यंत्र बसतं, फीत कापली जाते, फोटो निघतो. मेम्ब्रेन (पाणी गाळणारा पडदा) बदलायला आणि वीजबिलाला पैसे कोणी धरलेलेच नसतात. दोनेक वर्षांत यंत्र बंद. (कंपनीची पाटी मात्र चकाचक.)

खरं तर ही घाई टाळता येते. कंपनीच्या संचालक मंडळाने काम ‘चालू प्रकल्प’ (एका वर्षापलीकडे चालणारं काम) म्हणून मंजूर केलं असेल, तर उरलेली रक्कम ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या बँक खात्यात टाकून पुढची ३ वर्षं वापरता येते. म्हणून तुमची संस्था कंपनीकडे पैसे मागत असेल, तर प्रस्तावातच देखभालीचा खर्च वर्षवार मांडा. यंत्र कोणाच्या नावावर जाणार तेही लिहा. ते कंपनीकडे राहू शकत नाही. प्रशासकीय खर्चावरची ५ टक्क्यांची मर्यादा यंत्र चालवणाऱ्याच्या पगाराला लागू नाही, पण अनेक संस्था उगाच घाबरून तो पगारच गाळतात.