शिरोलीचं यूटी आणि सटनची सोनोग्राफी

लंडनमध्ये कॅन्सरच्या सोनोग्राफीवर नेमकं काय संशोधन चालतं, हे कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या माणसाला सांगणं सगळ्यात सोपं. त्याला यूटी, म्हणजे अल्ट्रासॉनिक टेस्टिंग, ठाऊक असतं. कास्टिंगला ग्रीस लावायचं, प्रोब टेकवायचा, ब्लोहोलचा, म्हणजे आतल्या पोकळीचा, इको स्क्रीनवर कुठे उभा राहतो ते बघायचं. लंडनमधलंही मूळ काम तेच, आणि हे नातं जुनं आहे. १९५५ साली ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी गाडीत घातल्या, रेनफ्रूच्या बॅबकॉक अँड विलकॉक्स या बॉयलर कारखान्यात नेल्या आणि तिथल्या फ्लॉ डिटेक्टरवर, म्हणजे धातूतले दोष शोधणाऱ्या अल्ट्रासाउंड यंत्रावर, तपासल्या. तुलनेला मांसाचा एक मोठा तुकडाही ठेवला होता. त्यातून पुढे आलेला निबंध १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला.

सटन हे लंडनच्या दक्षिण टोकाचं उपनगर. तिथे इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्च आणि रॉयल मार्सडेन हॉस्पिटल यांचा भौतिकशास्त्राचा संयुक्त विभाग आहे. अल्ट्रासाउंडवर काम करणारी ही मंडळी फिजिक्सची. गाठ आहे का, हे बघणं डॉक्टरांचं काम. स्क्रीनवर दिसतंय ते खरंच तिथे, तेवढंच आणि तितकंच कडक आहे का, हा यांचा प्रश्न.

फाउंड्रीत हा प्रश्न व्ही-वन ब्लॉक, म्हणजे ठरलेल्या मापाचा पोलादी ठोकळा, सोडवतो. पोलादात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ५,९२० मीटर. ब्लॉकवर कॅलिब्रेट केलं की काम झालं. शरीराचा असा ब्लॉक नसतो. मशीन सरसकट १,५४० मीटर धरून चालतं. चरबीत प्रत्यक्ष वेग साधारण १,४५०, स्नायूत १,५८० च्या आसपास. म्हणजे ४ सेंटिमीटर चरबीखालची गाठ स्क्रीनवर अडीच मिलिमीटर जास्त खोल दिसते. बायोप्सीला याने काही बिघडत नाही, कारण सुई आणि गाठ एकाच चित्रात दिसतात. पण तेच चित्र सीटी स्कॅनवर बसवून रेडिएशनचा नेम धरायचा असेल, तर हे अडीच मिलिमीटर महागात पडतात.

दुसरी अडचण क्षीणतेची, म्हणजे आत जाताना आवाजाची ताकद घटण्याची. मऊ ऊतीत दर सेंटिमीटरला, दर मेगाहर्ट्झला साधारण अर्धा डेसिबल जातो. १० मेगाहर्ट्झने ४ सेंटिमीटर खोल बघितलं, तर जाऊन-येऊन ४० डेसिबल गेले, म्हणजे परत आलेली ताकद दहा हजारावा हिस्सा. म्हणून स्तनाला वरची फ्रिक्वेन्सी चालते, यकृताला ३ मेगाहर्ट्झच्या आसपास उतरावं लागतं आणि बारकावा सोडावा लागतो.

मग शरीराचा व्ही-वन ब्लॉक तयार करावा लागतो. त्याला फँटम म्हणतात. एक किलोचं प्रमाण असं: पाणी ८३० ग्रॅम, ग्लिसरॉल ११२ ग्रॅम, अगार ३० ग्रॅम, ४०० मेशचं सिलिकॉन कार्बाइड ५.३ ग्रॅम, ३ मायक्रॉनची अॅल्युमिना ९.४ ग्रॅम, ०.३ मायक्रॉनची ८.८ ग्रॅम, आणि बुरशी लागू नये म्हणून बेंझाल्कोनियम क्लोराइड ४.६ ग्रॅम. अगार म्हणजे किराणा दुकानातलं चायना ग्रास, फक्त शुद्ध. सिलिकॉन कार्बाइड तर ग्राइंडिंग व्हीलवाल्यांच्या घरचंच. ग्लिसरॉल वेग वाढवतं (२० अंशांच्या नुसत्या पाण्यात तो १,४८२ असतो), अॅल्युमिना क्षीणता आणते, आणि सिलिकॉन कार्बाइडच्या कणांमुळे ऊतीसारखा दाणेदार करडा रंग दिसतो.

मिश्रण ९६ अंशांच्या आसपास तासभर ढवळत ठेवायचं, मग ढवळतच ४२ अंशांपर्यंत उतरवायचं आणि साच्यात ओतायचं. गडबड इथेच होते. गरम असताना ओतलं तर गोठेपर्यंत जड कण तळाला बसतात. फँटम वर काळा, खाली पांढरा दिसतो आणि बघणाऱ्याला वाटतं मशीनचा गेन (इको किती वाढवून दाखवायचा ते) बिघडला. फार थंड करून ओतलं तर गुठळ्या. जोरात ढवळलं तर हवेचे बुडबुडे, आणि एकेक बुडबुडा ठळक चमकून मागे सावली पाडतो, हुबेहूब कॅल्शियमच्या कणासारखा. ठोकळा उघडा राहिला तर पाणी उडून वेग चढतो, म्हणून तो पाणी-ग्लिसरॉलच्या द्रावणात बुडवून ठेवायचा.

तयार ठोकळ्यातला आवाजाचा वेग यूटीवाल्यांच्या उपकरणावर मोजता येतो. ५० मिलिमीटर जाडीला इको ६४.९ मायक्रोसेकंदांनी परत आला, तर वेग १,५४०. इथे बहुतेकांना व्हर्नियर दगा देतं. जबड्यात मऊ ठोकळा दबतो, आणि अर्धा मिलिमीटर दबला तरी वेग १५ मीटरने चुकतो. म्हणून जाडी कडक साच्याच्या आतून मोजायची. आणि तापमान लिहून ठेवायचं. ते नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

सध्या ज्याचा गाजावाजा जास्त आहे ती शिअर वेव्ह इलास्टोग्राफी. एका जोरदार पल्सने ऊतीला काही मायक्रॉनचा धक्का द्यायचा, आडवी लाट सेकंदाला किती मीटर पळते ते हजारो फ्रेमच्या वेगाने टिपायचं. वेगाच्या वर्गाला तीनने गुणलं की कडकपणा किलोपास्कलमध्ये मिळतो: २ मीटरला १२, ५ मीटरला ७५. वर्ग असल्यामुळे वेगात दहा टक्के चूक झाली की कडकपणात एकवीस टक्के होते. रंगीत चित्र बघून हुरळून जाऊ नये. प्रोब जरा दाबून धरला की निरोगी ऊतीही कडक येते. पाण्याच्या गाठीत ही लाट चालतच नाही. आणि सगळ्यात फसवी गोष्ट, अतिकडक कॅन्सरच्या मधोमध कधीकधी सिग्नलच मिळत नाही. तो रिकामा डाग मऊ समजला गेला तर अनर्थ.

हे कोल्हापुरात बसून कितपत जमेल? फँटमपुरतं तरी नक्की. अडचण मशीनची. लंडनमध्ये बऱ्याच सोनोग्राफी सोनोग्राफरच, म्हणजे डॉक्टर नसलेले प्रशिक्षित तंत्रज्ञच, करतात, रिपोर्टही तेच लिहितात, आणि मशीन या खोलीतून त्या खोलीत ढकलत नेतात. आपल्याकडे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली मशीन नोंदणीच्या पत्त्याला बांधलेलं. लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना कोल्हापूरने सोनोग्राफी मशीनला सायलेंट ऑब्झर्व्हर, म्हणजे प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारी उपकरणं, जोडले होते. ते का करावं लागलं हे ठाऊक असणारा त्या कडकपणाबद्दल तक्रार करणार नाही. तेव्हा कॉलेजच्या मुलांनी मशीन लॅबमध्ये आणायच्या भानगडीत न पडता ठोकळाच डब्यात घालून नोंदणीकृत सेंटरवर न्यावा, डॉक्टरांच्या परवानगीने आणि त्यांच्याच देखरेखीखाली.

तिथे गेल्यावर पहिली चाचणी बिनखर्चाची. प्रोब कोरडा पुसून हवेत धरायचा. स्क्रीनवर प्रोबच्या तोंडाला समांतर पट्टे दिसतात. त्यांत कुठे उभी काळी चीर असेल तर तिथले क्रिस्टल किंवा केबलमधली तार गेलेली असण्याची शक्यता. खात्रीसाठी थोडं जेल लावायचं, सरळ केलेल्या पेपरक्लिपची तार आडवी धरून तोंडावरून अलगद सरकवायची. जिथे चकाकी विझते तो भाग मेलेला. रबरी पडदा फाटेल इतकं दाबायचं नाही. मग जेल लावून ठोकळा, दर महिन्याला त्याच प्रीसेटवर (मशीनच्या ठरलेल्या सेटिंगवर), त्याच डेप्थवर, त्याच गेनवर. आणि सेव्ह केलेल्या प्रत्येक चित्राबरोबर तारीख, प्रोबचा नंबर आणि खोलीचं तापमान.