रबर हाच सांधा

रोज कामावर न्यायच्या गाडीलाच सुटीच्या दिवशी डोंगरात घेऊन जाणारे ग्राहक आमच्या कुर्ल्याच्या वर्कशॉपमध्ये येतात, तेव्हा काय बसवायचे हे त्यांनी बहुधा आधीच ठरवलेले असते. गेल्या पावसाळ्यात पाच दरवाजांची मारुती जिम्नी घेऊन आलेल्या एका गृहस्थांची मागणी अशीच पक्की होती. ते मुलुंडहून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने रोज सीप्झला जात आणि जमेल तेव्हा जुन्नर-नाणेघाट परिसरातल्या कच्च्या वाटांवर गाडी नेत. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये त्यांनी गाडी दोन इंच उंच करणारे लिफ्ट किट बसवून घेतले होते आणि त्याच वेळी पुढच्या आर्मचे, म्हणजे अॅक्सल गाडीच्या सांगाड्याला (चॅसीला) जोडणाऱ्या दांड्यांचे किंवा लिंकचे, मूळ रबरी बुश (सांध्यातल्या नळीसारख्या गाद्या) काढून कडक पॉलियुरेथेनचे बुश घातले गेले होते. त्यानंतर स्पीड ब्रेकरवर करकर सुरू झाली आणि काही महिन्यांनी खडखड. "साहेब, मला रबरही नको आणि पॉलीही नको. सगळ्या लिंकना रोझ जॉइंट लावून द्या, म्हणजे हा विषय कायमचा संपेल," असे ते म्हणाले.

रोझ जॉइंट हा उत्तम सांधा आहे, यात शंका नाही. धातूच्या कड्यात बसवलेला पोलादी गोळा सर्व दिशांना वळतो, त्यात लवचीक असे काहीच नसल्यामुळे चाक नेमके जागेवर राहते, आणि म्हणूनच शर्यतीच्या गाड्यांत तो सर्रास वापरला जातो. पण त्या गाड्यांचे सांधे वारंवार तपासले जातात आणि थोडी झीज दिसली तरी बदलले जातात. मुंबईत चार महिने पाणी, चिखल आणि रस्त्यावरची बारीक खडी, उरलेले महिने खारी हवा. गोळा आणि कडे यांच्यामध्ये एकदा कचरा शिरला की अस्तर झिजते आणि खुळखुळा सुरू होतो. शिवाय खड्ड्याचा प्रत्येक धक्का काहीही न शोषता थेट चॅसीपर्यंत पोहोचतो. हे सगळे मी त्यांना सांगितले, पण माझी खरी हरकत निराळी होती आणि ती दाखवण्यासाठी गाडी रॅम्पवर चढवणे आवश्यक होते.

पुढचे डावे चाक रॅम्पवर हळूहळू वर नेले. अखंड अॅक्सलच्या गाडीत, म्हणजे दोन्ही चाके एकाच कडक नळीने जोडलेल्या गाडीत, एक चाक वर गेले की दुसरे खाली उतरून जमीन धरून राहायला हवे. इथे मात्र उजवे चाक लवकरच हलके झाले, पूर्ण पुढचा भाग आखडल्यासारखा झाला आणि अॅक्सलच्या बाजूने लोखंड ताणले जात असल्याचा आवाज आला. गाडी खाली घेऊन आर्मच्या ब्रॅकेटवरचा चिखल आणि रंग साफ केला, तेव्हा वेल्डच्या कडेला केसाएवढी रेघ दिसली. खात्री करण्यासाठी डाय पेनिट्रंट मारले, म्हणजे लाल द्रव लावून, पुसून, त्यावर पांढरा थर दिला. थोड्याच वेळात त्या पांढऱ्यावर लाल रेघ उमटली आणि ती नुसत्या डोळ्यांना दिसत होती त्याहून बरीच लांब होती. हे ब्रॅकेट पूर्ण सुटले असते तर ब्रेक लावताच अॅक्सल एका बाजूने मागे सरकला असता. द्रुतगती मार्गावरच्या वेगात त्याचा परिणाम काय झाला असता, हे त्या गृहस्थांना वेगळे सांगावे लागले नाही. ते बराच वेळ खाली वाकून त्या रेघेकडे पाहत होते.

जिम्नीच्या पुढच्या अॅक्सलला दोन्ही बाजूंना एकेक आर्म असतो. आर्मचे एक टोक चॅसीला एका बोल्टने जोडलेले असते, पण दुसरे टोक अॅक्सलला दोन बोल्टांनी, म्हणजे एक अॅक्सलच्या पुढे आणि एक मागे, असे धरलेले असते. आडव्या दिशेने अॅक्सल सरकू नये म्हणून तिसरा, पॅनहार्ड रॉड असतो. दोन बोल्टांच्या या पकडीमुळे ब्रेक लावताना अॅक्सल स्वतःभोवती फिरत नाही आणि तेवढ्यासाठी वेगळी लिंक लागत नाही. १९६६ च्या फोर्ड ब्रॉन्कोमध्ये आणि १९७० च्या रेंज रोव्हरमध्ये पुढच्या अॅक्सलला याच जातीची रचना होती. साधी, मजबूत आणि रस्त्यावर स्थिर अशी ही रचना आहे, पण तिची एक अट आहे. डावे चाक वर आणि उजवे खाली जाते तेव्हा डावा आर्म अॅक्सलला एका दिशेने फिरवू पाहतो आणि उजवा आर्म विरुद्ध दिशेने. अॅक्सलची नळी पिळली जात नाही. मग हा फरक जिरायचा कुठे? तो त्या चार बुशांच्या रबरातच जिरतो. रबर दबते, तिरके होते, म्हणूनच चाके वरखाली होऊ शकतात. एकाच दाराला निरनिराळ्या दिशांना फिरणाऱ्या दोन बिजागऱ्या लावल्या तर दार उघडेल तेवढे फक्त त्या बिजागऱ्यांच्या ढिलाईमुळे उघडेल, तसाच हा प्रकार आहे.

त्यामुळे या जागी रोझ जॉइंट बसवणे म्हणजे उरलीसुरली हालचालही बंद करणे होय. गोळा कितीही दिशांना वळत असला तरी तो आपल्या केंद्रापासून सरकत नाही, आणि एका कडक आर्मवर असे दोन गोळे शेजारीशेजारी आले की आर्म आणि अॅक्सल उभ्या पातळीत एकजीव होतात. कडक पॉलीने हेच थोड्या प्रमाणात केले होते आणि त्याचा भार वेल्डवर आला होता. पॉली बुश बोल्टभोवती गोल फिरायला चांगला असतो, पण तिरके वळण त्याला सोसत नाही.

मग त्यांनी जॉनी जॉइंटबद्दल विचारले. अमेरिकेतल्या करी एंटरप्रायझेसने आणलेला हा सांधा मला मनापासून आवडतो. पोलादी गोळा युरेथेनच्या वाट्यांमध्ये बसतो, त्यामुळे सर्व दिशांना वळूनही थोडा धक्का शोषला जातो, त्याला ग्रीस भरता येते आणि आतल्या वाट्या बदलून तो पुन्हा नवा करता येतो. तीन किंवा चार लिंकच्या रचनेत, जिथे प्रत्येक लिंकला दोन्ही टोकांना एकच बोल्ट असतो, तिथे रोजच्या गाडीसाठी मी रोझ जॉइंटऐवजी हाच निवडेन. पण जिम्नीच्या अॅक्सलकडच्या टोकाला त्याचाही गोळा सरकणार नाहीच. सगळी रचना बदलून तीन लिंकची करायची तर चॅसीवर नवे ब्रॅकेट, नवी भूमिती आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मधील फेरफारांविषयीच्या बंधनांचा विचार, हे सगळे ओघाने येते. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीसाठी ते करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पॉली बुश घालणाऱ्याचा हेतू अगदीच निराधार नव्हता, हेही सांगितले पाहिजे. गाडी उचलली की आर्म खाली झुकतो, अॅक्सल पुढे कलतो आणि कॅस्टर, म्हणजे चाक वळण्याच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. मग वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ होत नाही आणि वेगात गाडी भरकटते. भोक मध्यापासून सरकवलेले पॉली बुश घालून तो कोन परत मिळवला होता. आम्ही तोच कोन आर्ममध्येच दिलेले आणि मूळ रबरी बुश बसणारे आर्म मागवले.

ते येईपर्यंत ब्रॅकेटचे काम झाले. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोके पाडली, खाच करून ती भरली, आणि अॅक्सलची नळी वाकू नये व ऑइल सील जळू नयेत म्हणून थोडे थोडे, थांबत थांबत वेल्डिंग केले. पॅनहार्ड रॉडची हालचाल मुख्यतः बोल्टभोवती असल्यामुळे आणि तिथला ढिलेपणा थेट स्टीअरिंगमध्ये जाणवत असल्यामुळे त्या एका लिंकला मात्र मी मध्यम कडक पॉली बुश ठेवले.

रबरी बुशचे बोल्ट शेवटी कसले, तेही चाके जमिनीवर असताना. बुशची आतली नळी बोल्टने आवळली जाते आणि फिरते ते फक्त तिला चिकटलेले रबर. चाके लटकत असताना बोल्ट आवळले तर गाडी खाली टेकताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि अकाली फाटते. अनेक नवे बुश केवळ या घाईपायी वाया जातात, आणि दोष रबराला दिला जातो.

पुन्हा रॅम्पवर नेली तेव्हा उजवे चाक आधीपेक्षा बरेच उशिरापर्यंत जमीन धरून राहिले आणि करकर पूर्ण गेली होती. मालकांनी लगेच मागच्या आर्मना तरी काही चांगले बसवता येईल का, असे विचारले. मागचे बुश मी त्यांच्यासमोर पहारीने हलवून पाहिले. रबर कुठे फाटलेले नव्हते आणि बोल्टांची भोकेही गोल होती, तेव्हा ते तसेच राहू दिले. थोडी गाडी चालल्यावर पुढचे बोल्ट पुन्हा तपासून घ्या आणि चिखलातून आल्यावर पॅनहार्ड रॉडच्या बुशचे ग्रीस पाहा, एवढे मात्र बिलावरच लिहून दिले.